सह्या, मांडव आणि मधले आठवडे

*ताई, मी गोव्यातल्या अंत्रुज महालातली, प्राथमिक शाळेत शिकवते. मुलगी सव्वीस वर्षांची, वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत आहे. मे महिन्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोन्ही सह्या झाल्या, म्हणजे कायद्याने लग्न झालं. मांडवातलं लग्न डिसेंबरात. हॉल ठरलाय, शालूचा ब्लाऊज शिंप्याकडे दिलाय. जावई तारवटी, जुलैअखेर बोटीवर परत गेले. चवथीला गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना त्या वासाने मुलीला मळमळलं आणि मी काय ते ओळखलं. सोनोग्राफीत आठ आठवडे निघाले.*

*विहीणबाई म्हणतात, मांडवात पोट दिसलं तर आमचं नाक जाईल, आधी मोकळी करून आणा. आमच्या ह्यांचंही तेच. नणंद म्हणते कुळदेवीला कौल लावू. शाळेतली माझी ख्रिस्ती मैत्रीण म्हणते गर्भपात हा खून आहे, असला कायदाच असता कामा नये. मुलगा कायद्याचं शिकतो, तो म्हणतो हा हक्क आहे. नर्सिंग होममध्ये गेलो तर म्हणाले, नवऱ्याची सही आणा. मला झोप नाही. राहून राहून वाटतं, हा कायदाच नसता तर आमच्यावर हा विचार करायची वेळच आली नसती. पोर जन्माला आलं असतं, लोक चार दिवस बोलले असते आणि गप्प झाले असते. तुम्हीच सांगा, असा कायदा असावा का? आणि आम्ही काय करावं?*

*— एक आई*

ताई,

तुमचं पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी फोन केला होता, कारण आठवडे काही छापखान्यासाठी थांबत नाहीत. इथे लिहितेय ते तुमच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं बदलून. फोनवर जे बोलून झालं ते यात थोडं आहे. राहून गेलं ते जास्त.

मूळ पत्र तीन पानांचं होतं. मी ते पेन्सिल घेऊन वाचलं. केसपेपर वाचायची पस्तीस वर्षांची सवय, निवृत्त झाले तरी सुटत नाही. विहीणबाई म्हणतात, हे म्हणतात, नणंद म्हणते, मैत्रीण म्हणते, मुलगा म्हणतो, नर्सिंग होमवाले म्हणतात. जावयांचासुद्धा बोटीवरून निरोप आहे, "मम्मी म्हणेल तसं करा." तीन पानांत "मुलगी म्हणते" मात्र एकदाही नाही. तिचं वय आहे, नोकरी आहे, मळमळ आहे. "आम्ही" या शब्दाखाली रेघ ओढत गेले, तर सतरा रेघा झाल्या. फोनवर मी विचारलं, बाय काय म्हणते? तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "ती काय सांगणार, ती नुसती रडते."

त्यावर येईनच. आधी कायद्याचं, कारण तुमचं ते एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये: कायदाच नसता तर विचार करायची वेळच आली नसती.

१९८७ चा पावसाळा. मी प्रसूती वॉर्डात नवी स्टाफ नर्स. रात्री अकराच्या सुमारास सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरून एका बाईला जीपमधून आणलं, खाली प्लास्टिक अंथरून. तिशीच्या आतली, तीन मुलांची आई. ताप एकशे चारच्या वर. नवरा एवढंच सांगत होता, पोटात दुखतं. चादर बाजूला केली तेव्हा जो वास आला तो मी इथे लिहीत नाही. ज्यांनी असे वॉर्ड काढलेत त्यांना कळेल. कुणीतरी काडी घातली होती. कसल्याशा मुळाची, बोटाएवढी, आणि टोकाला दोरा बांधलेला, ओढून काढता यावी म्हणून. त्या दोऱ्याचंच मला जास्त वाटलं. कुणीतरी नीट विचार करून बांधला होता तो. काडी आम्ही एनॅमलच्या ट्रेमध्ये ठेवली. डॉक्टर हात धुवायला वळले तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "सिस्टर, पोलिसांक सांगूं नाकात."

ती वाचली. पिशवी काढावी लागली, दीड महिना वॉर्डात होती. आता हिशेब करा. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, लागू झाला १ एप्रिल १९७२ पासून, गोव्यातही. आपण तेव्हा दमण-दीवबरोबर केंद्रशासित होतो. म्हणजे ती आली त्या रात्री कायद्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती. तिला जे हवं होतं ते सरकारी हॉस्पिटलात, दिवसाढवळ्या, निर्जंतुक हातांनी होऊ शकलं असतं. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या वाड्यापुरता कायदा नव्हताच, तुम्ही म्हणता तसा. आणि विचार करायची वेळ तिच्यावर आली नव्हती असं तुम्हाला वाटतं का?

कायदा नव्हता तेव्हा काय होतं, हेही जुन्या माणसांना ठाऊक होतं. १८६० च्या दंडसंहितेत गर्भ पाडणं हा गुन्हा, आणि त्यात ती बाई स्वतःसुद्धा गुन्हेगार. तीन वर्षांपर्यंत कैद, गर्भ वाढलेला असेल तर सात. हा कायदा आला म्हणून विधवांची पोटं यायची थांबली नाहीत. जोतीराव आणि सावित्रीबाईंना १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं ते याच काळात. या, गुपचूप बाळंत व्हा, मूल इथेच ठेवा, पण मारू नका, असं सांगायची पाळी त्यांच्यावर आली होती. त्यांनीच दत्तक घेतलेला यशवंत अशाच एका विधवेचा मुलगा. तुम्ही शाळेत सावित्रीबाईंची जयंती करता ना? मग ही गोष्ट मुलांना नाही तरी बाईंना माहीत हवी.

पुढे १९६४ मध्ये शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल १९६६ मध्ये आला आणि त्यातून १९७१ चा कायदा झाला. बायकांनी मोर्चे काढून तो मिळवला असं नाही. काड्या, काढे आणि वैदू यांच्या हातून बायका मरत होत्या, हॉस्पिटलांना ते दिसत होतं. लोकसंख्येची धास्तीही त्यात होतीच, उगाच नाकारायला नको.

तुमच्या मुलाला एक सांगा. तो "हक्क" म्हणतो ते मला आवडलं, पण परीक्षेत तसं लिहिलं तर मार्क जातील. ते जुनं कलम अजून तसंच आहे. दंडसंहितेच्या जागी न्यायसंहिता आली आणि ३१२ चं ८८ झालं, एवढंच. १९७१ चा कायदा त्या गुन्ह्याला अपवाद करून देतो. बाईच्या जिवाला धोका आहे किंवा तिच्या शरीराला, मनाला गंभीर इजा होईल असं डॉक्टरचं प्रामाणिक मत हवं. गर्भनिरोधक साधन फसून दिवस गेले असतील तर तो मनस्ताप गंभीर इजा आहे, असं कायदा धरून चालतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, तेही ठरावीक परिस्थितीतल्या बायकांसाठी: बलात्कार झालेल्या, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अशा. चोवीसच्या पुढे गर्भात मोठं व्यंग असेल तर राज्याचं वैद्यकीय मंडळ ठरवतं. म्हणजे आपल्याकडे दार उघडं आहे खरं, पण उंबऱ्यावर डॉक्टर उभा आहे. तो भला असेल तर काही अडत नाही. नसेल तर तो नवऱ्याची सही मागतो.

तर त्या सहीबद्दल. नर्सिंग होममध्ये तुम्हाला जे सांगितलं ते चूक आहे, साफ चूक. अठरा वर्षांवरच्या, मानसिक आजार नसलेल्या बाईला फक्त स्वतःची संमती लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, तुमचीही नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यात नसलेल्या अशा अटी डॉक्टरांनी घालू नयेत हेही सांगितलंय. त्याच निकालाने चोवीस आठवड्यांच्या तरतुदीतून अविवाहित बाईला वगळता येणार नाही म्हटलं, आणि नवऱ्याने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारच धरली. गुप्ततेचंही कलम आहे: बाईचं नाव फोडलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. नर्सिंग होमवाले सही का मागतात ते मला माहीत आहे. उद्या नवरा येऊन काउंटरवर तमाशा करील ही भीती. पण त्यांची भीती तुमच्या मुलीने का वाहायची? जावई बोटीवर, नेट लागलं तर लागलं. त्या एका सहीपायी दोन आठवडे सहज जातात.

आता हा पुढचा भाग तुमच्या ह्यांना वाचून दाखवा, आणि जमलं तर विहीणबाईंनाही.

बाईच्या संमतीशिवाय तिचा गर्भ पाडणं हा याच न्यायसंहितेत, अगदी पुढच्याच कलमात, फार मोठा गुन्हा आहे. जन्मठेपेपर्यंत शिक्षा. "आधी मोकळी करून आणा" हे मुलीला न विचारता कुणी अमलात आणलं, गोळी औषध म्हणून दिली, फॉर्मवर सही कर नाहीतर लग्न मोडलं असा धाक घातला, तर मांडवात नाक जायची गोष्ट बाजूलाच राहील. आणि विहीणबाईंचं "लग्नाआधी" हे तरी काय आहे? आमच्या गोव्यात लग्न दोनदा लागतं, एकदा रजिस्ट्रारच्या टेबलावर आणि एकदा मांडवात, आणि लोक मानतात ते दुसरं. सरकारदरबारी मात्र तुमची मुलगी मे महिन्यापासून त्यांची सून आहे. तिने उद्या वेगळं व्हायचं म्हटलं तर कोर्टाची पायरी चढावी लागेल. अशा सह्या करून ठेवायच्या, पोरांना एकत्र फिरायला सोडायचं, आणि दिवस गेले की "लग्नाआधी" म्हणून हात वर करायचे, हा खेळ मी इतक्या घरांत बघितलाय की आता रागही येत नाही. येतो थोडा.

मैत्रिणीबद्दल. तिच्याशी भांडू नका. ती जे म्हणते त्यात ढोंग नाही. गर्भ राहिला त्या क्षणापासून ते माणूस, आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाजूने कुणीतरी बोलायला हवं, ही तिची श्रद्धा आहे. आपल्याकडेही भ्रूणहत्येला महापाप म्हटलंय; आणि आपल्याच गर्भोपनिषदात जीव गर्भाशी सातव्या महिन्यात जोडला जातो असंही म्हटलंय. म्हणजे जीव कधी येतो यावर ऋषींचं आणि पाद्रींचं एकमत नाही, आणि डॉक्टरांना तो प्रश्न यंत्रावर दिसत नाही. सोनोग्राफीत ठोके दिसतात. ते बघून मला काहीच वाटलं नाही असं पस्तीस वर्षांत कधी झालं नाही.

पण "मी करणार नाही" आणि "कुणालाच करू देणार नाही" यांत फरक आहे, आणि तो फरक कसा दिसतो ते आपल्या शेजारच्या घरातच घडलंय. चोर्ला घाट चढलं की बेळगाव. तिथली सविता हलप्पनवार, दातांची डॉक्टर, एकतीस वर्षांची, लग्न होऊन आयर्लंडला गेलेली. हौसेचं पहिलं मूल, सतरावा आठवडा. गर्भ पडू लागला, वाचणार नाही हे हॉस्पिटलात सगळ्यांना दिसत होतं. तिने गर्भपात करा म्हणून विनवलं. गर्भाचे ठोके चालू होते, आणि त्या देशाच्या घटनेत १९८३ पासून आईचा आणि गर्भाचा जीव बरोबरीचा लिहिलेला. थांबले. ठोके थांबेपर्यंत तिच्या रक्तात विष पसरलं होतं. २८ ऑक्टोबर २०१२ ला ती गेली. तिच्या फोटोंच्या पाट्या घेऊन आयरिश बायका रस्त्यावर उतरल्या, आणि २०१८ च्या मे महिन्यात त्या कॅथलिक देशाने ६६ टक्क्यांवर मतं देऊन घटनेतलं ते कलम काढून टाकलं. मतं देणारे काही रविवारी चर्चला जायचे थांबले नसतील.

पोर्तुगालचंही तसंच. आपले आजोबा-पणजोबा ज्या पाखल्यांच्या दंडसंहितेखाली जगले तिच्यात गर्भपात गुन्हा होता. त्यांनी १९९८ मध्ये लोकांना विचारलं, थोडक्यात नाही आलं. २००७ मध्ये पुन्हा विचारलं, तेव्हा ५९ टक्के हो म्हणाले, आणि दहा आठवड्यांपर्यंत बाईच्या इच्छेवर सोडलं. बघा, तिथे दहा आठवड्यांपर्यंत खरंच बाईची इच्छा पुरते. आपला कायदा त्यांच्याआधी पस्तीस वर्षं आला, पण त्यात हे अजून नाही. उलट दिशेने अमेरिका गेली: १९७३ पासून असलेलं संरक्षण २४ जून २०२२ ला त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतलं, आता जे ते राज्य आपापलं ठरवतं. तुमच्या मैत्रिणीने ते व्हिडिओ पाहिले असणार. तिला सवितेचंही सांगा, भांडणाच्या सुरात नको.

मला विचाराल तर, कायदा असावा, आणि पहिल्या बारा आठवड्यांत तो आजच्यापेक्षा मोकळा असावा. बाईने सांगितलं, डॉक्टरने तपासलं, झालं. पुढच्या महिन्यांबद्दल माझं मन इतकं ठाम नाही, ते लपवत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये दोन मुलांच्या आईची केस सर्वोच्च न्यायालयात गाजली. सव्वीस आठवडे उलटलेले, अंगावर पाजत होती म्हणून दिवस गेलेले कळलेच नाहीत, आधीच्या बाळंतपणानंतर मनाचा आजार, त्याची औषधं चालू. गर्भात व्यंग नव्हतं. आधी परवानगी मिळाली, मग दोन न्यायमूर्तींची मतं फुटली, शेवटी तीन न्यायमूर्तींनी नाही म्हटलं. तो निकाल आला त्या दिवशी मी दुपारभर तिचा विचार केला, आणि ते ठोके थांबवायला ज्या डॉक्टरला सांगितलं असतं तिचाही केला. मला उत्तर आलं नाही. पण उशिराच्या त्या मोजक्या केसेस अवघड आहेत म्हणून आठव्या आठवड्याच्या बाईला दारातून परत पाठवायचं, याला काय अर्थ आहे?

आणखी एक गल्लत, तुमच्याच पत्रात आहे म्हणून. "हॉस्पिटलच्या भिंतीवरच भ्रूणहत्या पाप आहे असं लिहिलंय," असं तुम्ही लिहिलंत. ती पाटी मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणाऱ्यांसाठी. त्याचा कायदा निराळा, १९९४ चा, लिंग तपासायला बंदी घालणारा, आणि तो हवाच हवा. पण पाटी लिहिणाऱ्याने शब्द असा वापरला की साधी बाई ती वाचते आणि समजते, गर्भपातच बंद आहे. मग ती मेडिकलवाल्याकडून गुपचूप गोळ्या आणते. सत्तरी तालुक्यातल्या त्या बाईला कुणी काही सांगितलं नव्हतं. आजच्या बाईला भिंत चुकीचं सांगते.

गोळ्यांवरून आठवलं. भाच्याच्या ओळखीच्या फार्मसीतून गोळ्या आणायचं घरात चाललंय म्हणालात. नका आणू. गोळ्या वाईट नाहीत, नऊ आठवड्यांपर्यंत त्या नियमात बसतात, पण डॉक्टरच्या देखरेखीखाली. गर्भ नळीत असेल तर गोळीने तो पडत नाही, नळी फुटू शकते. तुमची सोनोग्राफी झालीय, गर्भ पिशवीतच आहे ना हे रिपोर्टवर बघून घ्या. हिमोग्लोबिन किती आहे? रक्तगट निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टर बघतील. रक्तस्राव जास्त झाला तर रात्री दोन वाजता फार्मसीवाला फोन उचलणार नाही. नऊ आठवडे उलटले तरी आकाश कोसळत नाही, सक्शनने होतं, थोड्या वेळाचं काम. पण जितकं लवकर तितकं सोपं.

आता कौल. लावू नका असं मी म्हणणार नाही. मीही देवीला प्रसाद लावूनच घर बांधलं. पण नणंदेला एक विचारा, गाऱ्हाणं कोण घालणार? भटजी सांगणार, "हिच्या पोटातलं ठेवायचं की नाही, उजवी दे," आणि तुम्ही सगळे देवीच्या अंगावरच्या पाकळीकडे डोळे लावून बसणार, आणि जिचं पोट ती मंडपात खांबाला टेकून उभी. पाकळी डावी पडली, उजवी पडली, तिला आयुष्यभर "देवीने सांगितलं होतं" एवढंच ऐकावं लागणार. माझ्या समजुतीप्रमाणे देवीसुद्धा बाईच आहे. तिला आधी मुलीने एकटीने जाऊन काय ते सांगू दे.

आणि आता ती. फोन ठेवताना मी सांगितलं होतं तेच पुन्हा लिहिते. तिला ओसरीवर सगळ्यांपुढे बसवून विचारू नका, तिथे ती रडणारच. रात्री भांडी घासताना, नाहीतर स्कूटरवर मागे बसून जाताना, तोंड समोर नसताना पोरी बोलतात. "काय करायचं?" असं विचारलंत तर ती तुमचा चेहरा बघून उत्तर देईल. तुला हे मूल हवंय का एवढंच विचारा, आणि पुढे गप्प बसा. चेहऱ्यावर काही येऊ देऊ नका. पंचवीस वर्षं पेपर तपासणाऱ्या बाईंना ते जमेल. ती हो म्हणू शकेल. नाही म्हणू शकेल. हा नवराच नको असंही निघू शकेल, "मम्मी म्हणेल तसं करा" म्हणणाऱ्या माणसाबरोबर जन्म काढायचा असल्यावर. तसं निघालं तर ते आत्ता निघालेलं बरं. तिला काही दिवस हवे असतील तर द्या, पण दिवस म्हणजे तीन-चार, महिना नव्हे.

नाही म्हणाली तर सरकारी हॉस्पिटलात जा. ती जागा कायद्याने आपोआप मान्य आहे, तुम्हाला जवळ पडेल ते जिल्हा हॉस्पिटल किंवा गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. खाजगीत जायचं असेल तर गर्भपात केंद्र म्हणून मान्यतेचं प्रमाणपत्र बघायला मागा, लाजू नका. सही विचारली तर म्हणा, कायद्यात कुठे आहे ते दाखवा. तुमच्या मुलाला बरोबर न्या, त्याच्या शिकण्याचा तेवढा उपयोग. तुम्ही तिच्याबरोबर जा, पण डॉक्टरच्या खोलीत पहिली दहा मिनिटं तिला एकटीला जाऊ दे, तुम्ही बाहेर बाकावर बसा. नंतरचे चार दिवस घरी पेज आणि आराम, आणि घरात कुणीही "झालं गेलं" हा शब्द काढायचा नाही.

हो म्हणाली तर विहीणबाईंना तुम्ही स्वतः सांगायचं, तिने नाही. डिसेंबरात पाच-सहा महिने होतील. हॉलवाल्याचे आगाऊ पैसे गेले तर गेले. कार्तिकात देवळात चार माणसांत अक्षता टाकता येतील. नाहीतर डिसेंबरच राहू दे, लोक बोलतील ते बोलतील. फक्त शिंप्याला आजच फोन करा, शालूचा ब्लाऊज अजून कापला नसेल तर शिवणीत माया जरा जास्त सोड म्हणावं.